वर्ध्याच्या उजेडाचा हिशेब

गोबरगॅसच्या प्रसारासाठी निघालेल्या पुस्तिकांमध्ये एक छोटा तक्ता गेली कित्येक दशके जसाच्या तसा छापला जातो. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या नावाने तो ओळखला जातो. एक घनमीटर गोबरगॅस जेवढे काम करतो तेवढ्यासाठी दुसरे इंधन किती लागेल, एवढेच त्यात सांगितले आहे : रॉकेल ०.६२० लिटर, लाकूड ३.४७४ किलो, गोवऱ्या १२.२९६ किलो, ब्यूटेन ०.४३३ किलो, वीज ४.६९८ युनिट. विजेच्या तारेवाचून खेड्यातल्या घराला कोणते इंधन परवडेल, याचा हिशेब मांडताना हा तक्ता हाताशी घ्यावाच लागतो.

गोवऱ्यांच्या आकड्यापाशी मात्र थबकायला होते. १२.२९६ किलो. गोवऱ्या कोणी ग्रॅमपर्यंत तोलत नाही; ओलसर आणि वाळलेल्या गोवरीत पाव किलोचाही फरक सहज पडतो. तेव्हा हा आकडा तराजूतून आलेला नाही, भागाकारातून आलेला आहे, आणि भागाकार असेल तर तो उलगडता येतो. तक्त्याच्या शेजारी बहुधा दोन रकाने असतात : इंधनाची उष्णता आणि चुलीची कार्यक्षमता. गोबरगॅसला घनमीटरमागे ४,७१३ किलोकॅलरी आणि ६० टक्के; म्हणजे भांड्यापर्यंत पोचतात सुमारे २,८२८. गोवरीला किलोमागे २,०९२ आणि ११ टक्के, म्हणजे २३०. भागाकार करा : १२.२९. लाकडाला ४,७०८ आणि १७.३ टक्के, भागाकार ३.४७. रॉकेलला लिटरमागे ९,१२२ आणि ५० टक्के, भागाकार ०.६२. विजेला ८६० आणि ७० टक्के, भागाकार ४.६९८. पुराव्याची साखळी पूर्ण जुळते.

इथपर्यंत निश्चित. आता तपास पुढे नेऊ. सगळ्या तुलनेचा भार उष्णतेवर नाही, टक्क्यांच्या रकान्यावर आहे, आणि हे टक्के प्रत्येक घरात वेगळे असतात. तीन दगडांच्या उघड्या चुलीवर लाकडाची उष्णता दहा टक्क्यांच्या आसपासच कामी येते. तो आकडा घातला तर एक घनमीटर गॅस सहा किलो लाकडाची जागा घेतो. चूल सुधारून २५ टक्के मिळवले तर तोच गॅस २.४ किलो लाकडाच्या बरोबरीचा उरतो. म्हणजे गॅसच्या टाकीला हात न लावता, नुसती शेजारची चूल बदलून गॅसचा फायदा निम्म्याहून कमी किंवा दुपटीहून जास्त दिसू शकतो. तक्ता खोटा नाही. तो एका ठरावीक चुलीबद्दल बोलतो.

याच तक्त्यातून दुसरी एक गोष्ट हाती लागते, आणि ती गोबरगॅसच्या बाजूने फार जोरदार आहे. एक घनमीटर गॅसला सुमारे २५ किलो ताजे शेण लागते. ताज्या शेणात चार-पंचमांश पाणीच असते, तेव्हा तेवढ्या शेणाच्या वाळलेल्या गोवऱ्या पाच किलोच्या आसपास भरतील. पाच किलो गोवऱ्यांतून भांड्याला मिळतात ११५० किलोकॅलरी. त्याच शेणाच्या गॅसमधून २,८२८. अडीचपट उष्णता, आणि वर टाकीतून बाहेर पडणारी मळी खत म्हणून शेतात जाते. गोवरीची राख होते. ग्रामोद्योगाच्या माणसांना या टाकीने एवढे का झपाटले होते, ते या दोन ओळींच्या गणितात दिसते.

पण तक्त्यात जे रकाने नाहीत त्यांचे काय? टाकीत रोज शेणाइतकेच पाणी ओतावे लागते. दोन घनमीटरच्या घरगुती टाकीला ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी, तेही मे महिन्यात. पाणी कोण आणते आणि शेण कोण कालवते, याची किंमत तक्त्यात शून्य आहे. जनावरांचे गणितही तसेच आहे. एका जनावरामागे दिवसाला दहा किलो शेण धरण्याची रीत आहे, म्हणजे पाच जनावरे पुरतात. हे जनावर मात्र गोठ्यात बांधलेले आहे. वर्ध्यातील आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांची मूळ जात गवळाऊ. अंगाने हलकी, चालायला चपळ, आणि दिवसभर रानात चरणारी. ती संध्याकाळी घरी येईल तेव्हा निम्मे शेण माळावर पडलेले असेल. हे माझे अनुमान आहे. पण ते बरोबर असेल तर वर्ध्याच्या उत्तर भागात पाच जनावरांची टाकी चालवायला दावणीला दहा जनावरे हवीत. विसाव्या पशुगणनेने २०१९ मध्ये महाराष्ट्रातील गोवंशाची संख्या सात वर्षांत सुमारे दहा टक्क्यांनी घटल्याचे नोंदले आहे. टाकीचा खर्च कागदावर तोच राहिला, तिला लागणारा कच्चा माल मात्र गोठ्यातून कमी होत गेला.

असा हिशेब मांडण्याची सवय वर्ध्याला या तक्त्याच्याही आधीपासूनची आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि घर त्यासाठी दिले, आणि मगनलाल गांधींच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा पेशाने हिशेबतपासनीस होते. लंडनमध्ये त्यांनी लेखापरीक्षणाचे शिक्षण घेतले, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त या विषयाचा अभ्यास केला, गुजरातेत मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली आणि मग ते वर्ध्यात आले. त्यांचे लिखाण वाचताना हे विसरून चालत नाही. त्यांची भाषा नीतीची वाटते, पण पद्धत खतावणीची आहे : पैसा कुठून निघाला, कोणाच्या नावे पडला.

मगनवाडीत रॉकेलला पर्याय म्हणून वनस्पती तेलावर जळणारा एक दिवा तयार झाला. त्याचे नाव मगनदीप. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय याच परिसरात आहे. या दिव्यामागचा युक्तिवाद असा. रॉकेलची बाटली दुकानात स्वस्त पडते, पण तिचे पैसे गावाबाहेर जातात आणि परत येत नाहीत. करंज, एरंडी, मोहाच्या बिया यांच्या तेलाचे पैसे गोळा करणाऱ्याकडे, शेतकऱ्याकडे आणि घाणी चालवणाऱ्या तेल्याकडे राहतात. कुमारप्पांनी हाच विचार जबलपूरच्या तुरुंगात ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात विस्ताराने मांडला. जमिनीखालचा साठा संपवणारे अर्थव्यवहार आणि दरवर्षी नव्याने उगवणाऱ्यावर चालणारे अर्थव्यवहार अशी त्यांनी विभागणी केली. कोळसा आणि खनिज तेल पहिल्या खात्यात जातात, बैल, झाड आणि वारा दुसऱ्या.

युक्तिवाद पक्का असला तरी दिवा जळायला हवा. इथे पदार्थविज्ञान साक्षीला बोलावता येते. एका लिटर रॉकेलात आणि एका लिटर वनस्पती तेलात उष्णता जवळपास सारखीच असते. फरक दाटपणाचा आहे. सर्वसाधारण तापमानाला वनस्पती तेल रॉकेलपेक्षा कित्येक पट घट्ट असते. कंदिलात टाकी खाली आणि ज्योत वर असते; पातळ रॉकेल वातीतून एवढे अंतर सहज चढते, घट्ट तेल चढत नाही. आपल्या पणतीत वात तेलाच्या पृष्ठभागालाच टेकून का असते, याचे कारण हेच. म्हणजे मगनवाडीतल्या कारागिरापुढचा खरा प्रश्न तेलाच्या भावाचा नव्हता. तेल ज्योतीजवळ ठेवायचे कसे आणि ज्योतीला हवा पुरवून काजळी रोखायची कशी, हा होता. विदर्भात जवस भरपूर पिकत असे, आणि घाणीवर ते तेल हाताशी होते. पण जवसाचे तेल हवेत सुकून चिकट होते (रंगकामात ते वापरतात ते याच गुणामुळे), म्हणून वात लवकर धरते. दिव्याला करंज आणि एरंडी यांची तेले अधिक सोयीची. त्या काळच्या घराने मगनदीप घेतला की नाही, याचा निवाडा केवळ पैशांनी झाला नसावा असे मला वाटते. रोज वात पुसायची, तेल बदलायचे, काजळी काढायची हे काम रात्री थकलेल्या बाईच्या वाट्याला येते, आणि त्या कामाचा रकाना कुमारप्पांच्या खतावणीतही मला ठळकपणे दिसत नाही.

त्या दिव्याचे पुढे काय झाले, याचा एक माग अनपेक्षित ठिकाणी लागतो. भारताच्या जनगणनेत घरातील उजेडाचे मुख्य साधन विचारतात आणि उत्तरांत वीज, रॉकेल, सौर यांबरोबर ‘इतर तेल’ असाही एक रकाना असतो. २०११ च्या गणनेत देशात विजेवर ६७.२ टक्के घरे, रॉकेलवर ३१.४, सौर दिव्यावर ०.४ आणि इतर तेलावर ०.२ टक्के. महाराष्ट्रात विजेची घरे ८३.९ टक्के होती, ग्रामीण महाराष्ट्रात ७३.८. म्हणजे राज्याच्या ग्रामीण भागात त्या वर्षी दर चार घरांपैकी जवळजवळ एका घराला विजेवाचून रात्र काढावी लागत होती. मगनदीपाच्या बाजूचे जे काही उरले असेल ते त्या ०.२ टक्क्यांत आहे. देशभरात ती घरे सुमारे पाच लाख भरतात, पण त्यांतली कोणती निवडीने तेलाचा दिवा लावतात आणि कोणती रॉकेल न मिळाल्याने, हे या रकान्यातून कळत नाही.

रॉकेल जिंकले, पण किती उजेड देऊन? कंदील फारच मंद असतो. त्याचा उजेड साधारण ४० ल्यूमेन धरला आणि एक लिटर रॉकेल ४५ तास पुरते असे मानले, तर एका लिटरमागे १,८०० ल्यूमेन-तास मिळतात. आजचा साधा एलईडी दिवा एका वॉटमागे १०० ल्यूमेन देतो. तेवढाच उजेड तो १८ वॉट-तासांत, म्हणजे एका युनिटच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी विजेत देईल. गोबरगॅसची गत पाहू. एक घनमीटर गॅस मॅन्टलच्या दिव्यात सात-आठ तास जळतो आणि ४० वॉटच्या जुन्या बल्बइतका उजेड देतो. ढोबळ मानाने ३,००० ल्यूमेन-तास. तोच गॅस छोट्या इंजिनात जाळून वीज केली तर सव्वा युनिट मिळेल आणि एलईडीतून सव्वा लाख ल्यूमेन-तास. चाळीसपट. हे आकडे ढोबळ आहेत, निम्मे-दुप्पट इकडेतिकडे होतील. पण चाळीसच्या जागी वीस धरले तरी निष्कर्ष हलत नाही. उजेडासाठी तेल किंवा गॅस थेट जाळण्याचा प्रश्न एलईडीने निकालात काढला. १९३५ च्या मगनवाडीने तेल आणि रॉकेल यांत जो सामना पाहिला, त्यात खरा विजेता अजून जन्मालाच आला नव्हता.

विजेबद्दल मगनवाडीचे धोरण काय होते, याचा स्पष्ट पुरावा ‘हरिजन’च्या २२ जून १९३५ च्या अंकात आहे. प्रत्येक खेड्यातल्या घरात वीज पोचत असेल तर लोकांनी आपली अवजारे तिच्यावर चालवण्याला माझी हरकत नाही, अशा आशयाचे गांधीजींनी तिथे लिहिले आहे. अट एकच : वीजघराची मालकी गावाची किंवा सरकारची असावी, जशी गायरानाची असते. सेवाग्रामच्या कुटीवरून गांधीजींना विजेचे शत्रू ठरवणारे हा अंक उघडत नाहीत. मला या मजकुरात जास्त महत्त्वाची वाटते ती गायरानाची अट. खर्चाचा प्रश्न तिथे मालकीच्या प्रश्नाला जोडलेला आहे, आणि पुढच्या सत्तर वर्षांत जे कागद तयार झाले त्यांत या दोन गोष्टी वेगळ्या होत गेल्या.

स्वातंत्र्यानंतर मगनवाडीतच १९५५ मध्ये जमनालाल बजाज केंद्रीय संशोधन संस्था निघाली. तिचेच रूपांतर २००८ मध्ये महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत झाले, आणि तिच्या विभागांत ऊर्जा हा एक विभाग आहे. १९७६ मध्ये देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस सुरू केले. गोबरगॅसची वाट देशपातळीवर अशी झाली : पन्नाशीच्या दशकात जशभाई पटेलांची ‘ग्रामलक्ष्मी’ टाकी, साठीच्या सुरुवातीला आयोगाने उचललेली तरंगत्या लोखंडी झाकणाची टाकी, १९७८ मध्ये पक्क्या घुमटाची ‘जनता’, १९८४ मध्ये ‘दीनबंधू’. या क्रमाला एक कारण आहे आणि ते खर्चाचेच आहे. लोखंडी झाकण टाकीच्या एकूण खर्चाचा चाळीस टक्क्यांच्या आसपासचा भाग खाते, आणि दरवर्षी रंग दिला नाही तर गंजते. घुमटात लोखंड नाही. पण घुमटाला चीर गेली तर गॅस गळतो आणि ती चीर बुजवायला कसबी गवंडी लागतो. एका रचनेत खर्च साहित्यात होता, दुसऱ्यात तो कसबात गेला.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला कागद एकदम वाढतात. २००३ च्या विद्युत कायद्याने अधिसूचित ग्रामीण भागात वीज निर्माण करून वाटणाऱ्याला परवान्याच्या अटीतून मोकळे केले. फेब्रुवारी २००४ मध्ये ‘विद्युतीकृत गाव’ याची व्याख्या बदलली : गावातील किमान दहा टक्के घरांत आणि शाळा, पंचायत कार्यालय, दवाखाना यांसारख्या जागी वीज हवी. दहा टक्के. म्हणजे शंभर घरांच्या गावात नव्वद घरे अंधारात असली तरी गाव उजळलेल्या यादीत जाते. त्या काळातील गावांच्या टक्केवारीवरून घरांबद्दल काही ठरवू नये, जनगणनेच्याच आकड्यांवर विसंबावे, असे मी म्हणतो ते यामुळे.

खर्चाच्या तुलनेसाठी या काळातला सर्वांत उपयोगी कागद २००८ चा आहे. दिल्लीच्या आयआयटीतील नौनी, मलिक आणि कांडपाल यांनी एक प्रश्न घेतला : मुख्य तारेपासून ५ ते २५ किलोमीटर दूर असलेल्या वस्तीला तार ओढून वीज दिली तर युनिट कितीला पडेल? उत्तर आले ३.१८ रुपयांपासून २३१.१४ रुपयांपर्यंत. एकाच अभ्यासात, एकाच देशात, सत्तर पटींचा फरक. हा आकडा पहिल्यांदा पाहिला की छपाईची चूक वाटते. ती नाही. तारेचा, खांबांचा, रोहित्राचा खर्च वस्ती वीज वापरो वा न वापरो तेवढाच येतो. तो जितक्या युनिटांवर वाटला जाईल तितके युनिट स्वस्त. पाच किलोमीटरवर शंभर किलोवॉटची मागणी असलेले आणि दिवसभर मोटारी चालवणारे गाव एका टोकाला. पंचवीस किलोमीटरवरचा, संध्याकाळी दोन दिवे लावणारा पाडा दुसऱ्या टोकाला. सौर, बायोमास, लहान जलविद्युत यांपैकी काय परवडते हा प्रश्न त्या अभ्यासात अंतर आणि वापराचे तास या दोन गोष्टींपाशी येऊन ठेपतो.

वर्धा जिल्ह्याला ही कसोटी लावली तर सपाट मुलुख, जवळजवळ वसलेली गावे आणि फार डोंगरदऱ्या नाहीत. इथे तार ओढणे बहुतेक ठिकाणी स्वस्तच ठरणार. तारेवाचूनच्या साधनांची बाजू इथे घराच्या उजेडासाठी कमकुवत आहे, आणि ती बळकट कुठे आहे हे पुढच्या कागदांत शोधायचे आहे.

त्याआधी राज्यातल्या दोन ठिकाणांकडे पाहू, कारण तिथे तारेवाचूनच्या विजेचा प्रयोग खरोखर झाला. नंदुरबार जिल्ह्यातील बिलगाव येथे २००३ मध्ये नर्मदा बचाव आंदोलनातील आदिवासींनी केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीच्या मदतीने, श्रमदानातून, १५ किलोवॉटचा जलविद्युत प्रकल्प उभा केला. पाडे उजळले. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्यात तो वाहून गेला. त्याच्या युनिटची किंमत पंचवीस वर्षांच्या आयुष्यावर काढली असती तर फार कमी आली असती. प्रत्यक्षात भागायला मिळाली तीन-साडेतीन वर्षे. पुणे जिल्ह्यातील दरेवाडीत २०१२ मध्ये ग्रामऊर्जा या कंपनीने ३९ घरांसाठी साडेनऊ किलोवॉटच्या आसपासची सौर यंत्रणा उभारली. तिथे मीटर बसवले, गावकऱ्यांच्या विश्वस्त संस्थेने वापराप्रमाणे पैसे गोळा करायचे आणि ते देखभालीसाठी ठेवायचे, अशी घडी बसवली. गांधीजींच्या गायरानाच्या अटीच्या सर्वांत जवळ जाणारी ही व्यवस्था मला वाटते.

याच सुमारास केंद्राची ग्राम ऊर्जा सुरक्षा योजना चालू होती. दूरच्या गावांत बायोमास गॅसिफायर, गोबरगॅस, सुधारित चुली. भांडवली खर्चाचा ९० टक्के भाग, दर कुटुंबामागे २०,००० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र देणार. जागतिक बँकेने २०११ मध्ये तिचा आढावा प्रसिद्ध केला. उभ्या राहिलेल्या प्रकल्पांतला मोठा वाटा बंद पडलेला आढळला : लाकूड नियमित मिळाले नाही, दुरुस्ती करणारा जवळ नव्हता, ग्राम ऊर्जा समित्या वसुली करू शकल्या नाहीत. वर्ध्याच्या वाचकाला यातला पहिला मुद्दा लगेच कळेल. कपाशी निघाली की बांधावर पऱ्हाटीचे ढीग लागतात, तुरीच्या तुराट्या पडतात. कागदावर हे फुकटचे इंधन. पण गॅसिफायरला ते बारीक तुकडे करून, वाळवून, वर्षभर साठवून लागते. फुकटच्या पऱ्हाटीला मजुरी चिकटली की ती फुकट राहत नाही, आणि जी बाई चुलीसाठी ती गोळा करत होती तिचे जळण जाते ते वेगळेच.

२५ सप्टेंबर २०१७ रोजी सौभाग्य योजना आली. तार न पोचणाऱ्या घरांसाठी तिच्यात सौर संच होता : २०० ते ३०० वॉटचे पॅनेल, पाच एलईडी, एक पंखा, एक प्लग, आणि पाच वर्षांची दुरुस्ती-देखभाल. ही शेवटची अट नीट पाहावी. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते. बॅटरी साधारण पाच वर्षे. देखभालीचा करार पाच वर्षे. म्हणजे बॅटरी नेमकी ज्या वर्षी बदलावी लागेल त्या सहाव्या वर्षी करार संपलेला असतो. २०१८ मध्ये बसवलेल्या संचाचे सहावे वर्ष २०२३ मध्ये सुरू झाले. योजनेच्या खर्चात ते वर्ष नाही. घराच्या खर्चात मात्र आहे.

आता शेताकडे येऊ. वर्ध्यात तारेवाचूनच्या विजेची बाजू बळकट होते ती इथे. महावितरण शेतीपंपांना आळीपाळीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास वीज देते. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला पाणी द्यायला शेतकऱ्याला अंधारात बांधावर उभे राहावे लागते. सेलू-कारंजाच्या पट्ट्यात, बोर व्याघ्र प्रकल्पाच्या सभोवती, याचा अर्थ रानडुक्कर, साप, आणि कधी वाघही. महाऊर्जेच्या कुसुम योजनेतील दरांत तीन अश्वशक्तीच्या सौर पंपाची किंमत १,९३,८०३ रुपये दिली होती. सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के म्हणजे १९,३८० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याचा पाच टक्के.

नौनी-मलिक-कांडपाल यांची कसोटी इथे लावता येते. तीन किलोवॉटचे पॅनेल विदर्भाच्या उन्हात दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज देईल. व्याज सोडून, किंमत वीस वर्षांवर सारखी वाटली तर वर्षाला ९,६९० रुपये. पंप तीनशे दिवस चालला तर ३,६०० युनिट आणि युनिट पडते २.६९ रुपयांना. शंभर दिवसच चालला तर १,२०० युनिट आणि ८.०८ रुपये. यात पंपाचीही किंमत आहे आणि वीस वर्षांत कंट्रोलर किंवा पंप बदलावा लागेल त्याचा खर्च नाही, म्हणून हे आकडे शेवटचे मानू नयेत. त्यांतले गुणोत्तर तेवढे पक्के आहे. हिंगणघाट-समुद्रपूरकडे सोयाबीननंतर हरभरा घेणाऱ्याचा पंप शंभर दिवसांच्या बाजूला असेल. आष्टी-कारंजात आंबिया बहराची संत्री उन्हाळाभर सांभाळणाऱ्याचा पंप दुसऱ्या टोकाकडे सरकेल. एकाच जिल्ह्यात, एकाच यंत्राचे, तिपटीने वेगळे युनिट.

तुलनेसाठी दुसरा पर्याय सरकारनेच उभा केला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतकऱ्याच्या पंपाऐवजी वीजवाहिनीला सौर प्रकल्प जोडतात. २०१७ मध्ये राळेगणसिद्धी आणि शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही तिची पहिली ठिकाणे. तिच्या दुसऱ्या टप्प्यातील विजेचे दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास आले. पंप बंद असला तरी तिथली वीज वाया जात नाही, दुसरीकडे वापरली जाते. सरकारच्या खतावणीत म्हणून वाहिनी स्वस्त. शेतकऱ्याच्या खतावणीत मात्र चित्र वेगळे आहे : एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल बळीराजा योजनेने माफ आहे. तारेची वीज त्याला शून्य रुपयांना पडते आणि तरीही तो १९,३८० रुपये भरून सौर पंपाच्या यादीत नाव घालतो. या एका कृतीचा अर्थ मला स्पष्ट वाटतो. तो पैसे युनिटसाठी देत नाही, दिवसाच्या पाण्यासाठी देतो. वाहिनीवरून तसेच दिवसाचे पाणी खात्रीने मिळू लागले, तर त्याचा हा हिशेब बदलेल.

कुसुमच्या पंपांवर दूरनियंत्रणाची एक पेटी बसवणे बंधनकारक आहे. पंप कधी चालला, किती वीज तयार झाली, याची नोंद ती रोज पाठवते. कुमारप्पांच्या दिव्याला, आयोगाच्या तक्त्याला आणि सौभाग्यच्या संचाला जो रकाना नव्हता, तो वापराच्या तासांचा रकाना या पेटीत आपोआप भरतो आहे. आष्टी आणि समुद्रपूर या दोन तालुक्यांतील पंपांच्या वर्षभराच्या नोंदी महिनावार प्रसिद्ध झाल्या, तर वर शंभर आणि तीनशे असे जे दोन दिवस-आकडे मी धरले आहेत त्यांच्या जागी खरे आकडे घालता येतील, आणि २.६९ ते ८.०८ या दोन टोकांमध्ये वर्ध्याचा शेतकरी नेमका कुठे उभा आहे ते सांगता येईल.